रस्ता सुरक्षेचा पैसा : कुठून येतो, कुठे आधी जातो?

पुण्याच्या कात्रज–देहू रोड बाह्यवळण मार्गावर नवा कात्रज बोगदा ओलांडला, की रस्ता नवले पुलाच्या दिशेने उतरू लागतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाने पुढील वाहनांना धडक दिली आणि सुमारे ४८ वाहनांचे नुकसान झाले. त्यानंतर पाहण्या झाल्या, बैठका झाल्या, रंबलर पट्ट्या आणि सूचनाफलक आले. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात पुन्हा भीषण अपघात होऊन आठ जणांना प्राण गमवावे लागले. जागा अनोळखी नव्हती आणि धोका अज्ञात नव्हता. मग ठाऊक असलेल्या जागेवरही मृत्यू का ओढवतात? या प्रश्नाचे उत्तर चालकाच्या चुकीत काही अंशी असते, तसेच ते शासनाच्या खर्चपद्धतीतही असते. रस्ता सुरक्षेसाठी पैसा कोणत्या मार्गाने येतो आणि कोणते काम आधी हाती घ्यायचे हे कसे ठरते, हे समजून घेतल्याशिवाय तो उलगडत नाही.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्या वर्षी महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू यांच्यानंतर राज्याचा क्रमांक तिसरा लागला. २०२३ मध्ये ही संख्या १५,३६६ झाली. दिवसाला सरासरी ४२ मृत्यू, असा त्याचा अर्थ होतो.

मरणारे कोण, हेही पाहण्यासारखे आहे. २०२२ मधील देशभरातील मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते आणि जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. म्हणजे रस्ता सुरक्षेचा बहुतांश प्रश्न हा ज्यांच्याभोवती पत्र्याचेही संरक्षण नाही, अशांचा प्रश्न आहे. निधीच्या वाटपाचे मूल्यमापन करताना ही बाब नजरेआड करून चालत नाही.

रस्ता कोणाचा, खर्च कोणाचा?

सर्वसामान्य प्रवाशाच्या दृष्टीने रस्ता हा एकच असतो. शासकीय दप्तरात मात्र त्याचे मालक अनेक. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. त्यांतील काही भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर काही केंद्राच्या वतीने राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे असतात. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हे सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग हे प्रामुख्याने जिल्हा परिषदांचे. शहरांतील रस्ते महापालिका आणि नगरपरिषदांचे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे.

या विभागणीचा पहिला परिणाम असा, की धोकादायक जागा सापडली तरी तिच्यावर खर्च करण्याचा अधिकार ज्याला धोका दिसला त्याला असतोच असे नाही. अपघाताची नोंद पोलीस घेतात, वाहनाची तपासणी प्रादेशिक परिवहन कार्यालय करते, रस्त्याची दुरुस्ती अभियंता करतो, रस्त्याकडेचे अतिक्रमण स्थानिक स्वराज्य संस्था हटवते आणि जखमींना आरोग्य विभाग पाहतो. राष्ट्रीय महामार्ग जेव्हा शहराच्या हद्दीतून जातो, तेव्हा मुख्य रस्ता एकाचा, सेवा रस्ता आणि त्याला मिळणारी गल्ली दुसऱ्याची, अशी स्थिती उद्भवते. प्रत्येकाचे लेखाशीर्ष वेगळे आणि प्रत्येकाचा अग्रक्रमही वेगळा.

ही यंत्रणा एका टेबलाभोवती बसावी, यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २१५ मध्ये राष्ट्रीय व राज्य रस्ता सुरक्षा परिषदा आणि जिल्हा समित्यांची तरतूद करण्यात आली. परंतु अनेक वर्षे ती कागदावरच राहिली. कोईमतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती नेमली. पुढे ३० नोव्हेंबर २०१७ च्या निकालात न्यायालयाने राज्यांना सविस्तर निर्देश दिले. राज्याचे रस्ता सुरक्षा धोरण, समन्वयासाठी एक प्रमुख यंत्रणा, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समित्या, अपघातप्रवण स्थळांची दुरुस्ती आणि स्वतंत्र रस्ता सुरक्षा निधी यांचा त्यांत समावेश होता. महाराष्ट्रात समन्वयाचे काम परिवहन आयुक्त कार्यालयातील रस्ता सुरक्षा कक्षाकडे आहे. या कक्षाला बैठका घेता येतात, पाठपुरावा करता येतो. पण दुसऱ्या विभागाचे अंदाजपत्रक काही त्याच्या हाती नसते.

निधीचे चार प्रवाह

राज्यात रस्ता सुरक्षेच्या कामांवर होणारा खर्च साधारणतः चार प्रवाहांतून येतो.

पहिला आणि सर्वांत मोठा प्रवाह रस्त्यांच्या नियमित अर्थसंकल्पाचा. रुंदीकरण, मजबुतीकरण, पूलबांधणी यांच्या अंदाजपत्रकातच कठडे, फलक, पट्टे, साईडपट्ट्या यांची तरतूद असते. हा खर्च ‘सुरक्षा’ या नावाने दिसत नाही आणि काटकसर करण्याची वेळ आली, की पहिली कात्री त्यालाच लागण्याचा संभव असतो. डांबराचा थर कमी पडल्यास तो लगेच दिसून येतो. वळणावरचा कठडा नसल्याचे अपघातानंतरच जाणवते.

दुसरा प्रवाह केंद्राचा. पेट्रोल व डिझेलवरील उपकरातून उभा राहणारा केंद्रीय मार्ग निधी २००० च्या कायद्याने अस्तित्वात आला. २०१८ पासून तो केंद्रीय मार्ग व पायाभूत सुविधा निधी या नावाने ओळखला जातो. त्यातील वाटा राज्यांच्या रस्त्यांसाठीही मिळतो. राष्ट्रीय महामार्गांवरील अपघातप्रवण स्थळांच्या दुरुस्तीचा भार केंद्रीय मंत्रालय उचलते.

तिसरा प्रवाह दंडाचा. वाहतूक नियमभंगाबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० अन्वये तडजोड शुल्क वसूल होते. या रकमेचा काही भाग रस्ता सुरक्षा निधीत जावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. केरळने हे त्याच्या दहा वर्षे आधीच कायद्यात लिहिले होते. केरळ रस्ता सुरक्षा प्राधिकरण अधिनियम, २००७ नुसार तेथे मागील वर्षी जमा झालेल्या तडजोड शुल्काचा निम्मा हिस्सा सुरक्षा निधीत जातो आणि वाहन नोंदणीच्या वेळी एकरकमी उपकरही घेतला जातो.

चौथा प्रवाह कर्ज आणि साहाय्याचा. जागतिक बँकेने जून २०२२ मध्ये भारतातील सात राज्यांच्या रस्ता सुरक्षा कार्यक्रमासाठी २५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्या सातांत महाराष्ट्र नव्हता. अशा कर्जांत रक्कम ठरलेल्या निष्पत्तीशी बांधलेली असते. खर्च झाला की पैसे मिळाले, असे होत नाही.

स्वतंत्र निधी का हवा?

दंडाची रक्कम राज्याकडे येतच असेल, तर वेगळा निधी कशाला, अशी शंका घेतली जाते. तिचे उत्तर संविधानाच्या अनुच्छेद २६६ मध्ये आहे. राज्याचा सर्व महसूल संचित निधीत जमा होतो आणि विधिमंडळाने विनियोजनास संमती दिल्याखेरीज त्यातून एक रुपयाही खर्च करता येत नाही. म्हणजे चौकात वसूल झालेल्या दंडावर ‘हा पैसा रस्त्यासाठी’ असा शिक्का नसतो. तो वेतन, निवृत्तिवेतन, कर्जावरील व्याज यांच्या रांगेत उभा राहतो. शिवाय आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि त्यावेळी अखर्चित राहिलेली तरतूद व्यपगत होते. सुरक्षेच्या कामाला सर्वेक्षण, आराखडा, भूसंपादन, निविदा असे टप्पे असल्याने ते एका वर्षात क्वचितच पूर्ण होते. व्यपगत न होणारा निधी असल्यास हा अडसर दूर होतो.

तथापि दंडावर आधारलेल्या निधीला स्वतःच्या मर्यादा आहेत. दंड जेथे पोलीस आणि कॅमेरे असतात तेथे, म्हणजे प्रामुख्याने शहरांत व मोठ्या महामार्गांवर वसूल होतो. मृत्यू मात्र जिल्हा मार्गांवरही होत असतात. वसुलीही आकारणीइतकी होत नाही. सुधारित मोटार वाहन कायद्यातील अनेक तरतुदी देशात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या. महाराष्ट्राने वाढीव तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. दंड वाढला म्हणजे निधी वाढलाच, असे समीकरण मांडता येत नाही. आणि नियमपालन सुधारले, तर हाच निधी आटतो. म्हणून दंडाला पूरक अशी निश्चित अर्थसंकल्पीय तरतूद आवश्यक ठरते.

अपघातप्रवण स्थळ कसे ठरते?

पैसा मर्यादित असल्याने क्रम लावावा लागतो. त्याचे प्रचलित साधन म्हणजे ‘ब्लॅक स्पॉट’, अर्थात अपघातप्रवण स्थळ. केंद्रीय मंत्रालयाच्या निकषानुसार राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीत गेल्या तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले असतील, किंवा दहा मृत्यू झाले असतील, तर ती जागा अपघातप्रवण मानली जाते. राज्यांच्या यंत्रणांनीही साधारणतः हाच मापदंड वापरात आणला आहे.

या व्याख्येचा गुण म्हणजे वस्तुनिष्ठता. कोणत्या पुढाऱ्याने पत्र दिले यावर यादी ठरत नाही, मोजणीवर ठरते. पण मोजणीची गुणवत्ता पोलीस ठाण्यातील नोंदीवर अवलंबून असते. पंचनाम्यात ‘अमुक गावाच्या शिवारात, तमुक ढाब्यापुढे’ असे लिहिले गेले, तर दोन अपघात एकाच वळणावर झाले की अर्ध्या किलोमीटरच्या अंतराने, हे कळत नाही. हा दोष दूर करण्यासाठी आयआयटी मद्रासने विकसित केलेली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत राबवण्यात आलेली एकात्मिक अपघात माहिती प्रणाली आली. ज्या सहा राज्यांत तिचा प्रारंभिक प्रयोग झाला, त्यांत महाराष्ट्र होता. घटनास्थळाचे अक्षांश-रेखांश, छायाचित्र आणि रस्त्याची स्थिती तीत तेथल्या तेथे नोंदवता येते.

यादी तयार झाल्यावर संयुक्त पाहणी होते. पोलीस, परिवहन निरीक्षक आणि अभियंता एकत्र जागेवर जातात. टक्कर समोरासमोरची होती की मागून, रात्रीची की दिवसाची, पादचारी होता की दुचाकीस्वार, याचा तक्ता मांडला जातो. त्यातून उपाय निघतो. रात्रीचे अपघात अधिक असतील तर प्रकाशयोजना व परावर्तक. पादचारी अधिक असतील तर ओलांडण्याची जागा आणि वेगनियंत्रण. समोरासमोरच्या टकरी असतील तर दुभाजक. कारण न शोधता सर्वत्र गतिरोधक टाकणे, हा उपाय नव्हे, सवय आहे.

क्रम लावण्याचे गणित

उपायांचे दोन गट पडतात. अल्पमुदतीच्या कामांत पट्टे, फलक, परावर्तक, रंबलर, झाडांच्या फांद्यांची छाटणी, दुभाजकातील अनधिकृत वाटा बंद करणे, साईडपट्टी भरणे अशी कामे येतात. दीर्घमुदतीच्या कामांत उड्डाणपूल, भुयारी मार्ग, वळण सरळ करणे, सेवा रस्ता बांधणे यांचा समावेश होतो.

दोहोंची तुलना कशी करावी, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका जिल्ह्याला वर्षाला दहा कोटी रुपये मिळाले. एका चौकात वर्षाला तीन मृत्यू होतात आणि तेथे चाळीस कोटींचा उड्डाणपूल बांधल्यास ते तिन्ही टळतील. हा झाला चार वर्षांचा निधी. त्याऐवजी याच दहा कोटींत प्रत्येकी पंचवीस लाखांप्रमाणे चाळीस जागा सुधारता येतात. त्या प्रत्येक जागेवर वर्षाला सरासरी एक मृत्यू होत असेल आणि लहान उपायांनी त्यांतील केवळ चौथा हिस्सा टळला, तरी वर्षाला दहा जीव वाचतात. पाव खर्चात तिपटीहून अधिक लाभ, असे हे गणित.

तरीही उड्डाणपुलाची मागणी जोरात होते, कारण तो दिसतो, त्याचे भूमिपूजन होते आणि अर्थसंकल्पात त्याला स्वतंत्र ओळ मिळते. चाळीस ठिकाणच्या पांढऱ्या पट्ट्यांचे उद्घाटन होत नाही. मात्र उलट टोकही गाठू नये. पट्टे एका-दोन पावसाळ्यांत पुसट होतात, रंबलर झिजतात, फलक चोरीस जातात. त्यांच्या देखभालीची तरतूद नसेल, तर स्वस्त उपाय महाग ठरतो. आणि जेथे धोक्याचे मूळ रस्त्याच्या चढ-उतारातच आहे, तेथे रंगाने उतार कमी होत नाही. नवले पुलाच्या परिसराने हेच दाखवून दिले. लहान उपाय तातडीने आणि मूलभूत उपाय ठरावीक मुदतीत, असा दुहेरी क्रम अशा ठिकाणी लावावा लागतो.

मंजुरीचा प्रवासही लांबलचक असतो. शाखा अभियंत्याचे अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश या पायऱ्या चढताना काम मार्चच्या अर्थसंकल्पात बसले नाही, तर पूरक मागण्यांची वाट पाहावी लागते. दरम्यान पावसाळा आला, की डांबरी कामे थांबतात. लहान सुरक्षा कामांसाठी जिल्हा पातळीवरच मंजुरीचे अधिकार देण्याचे महत्त्व यातून लक्षात येते.

यादीत न येणारे मृत्यू

या संपूर्ण पद्धतीचा मूळ दोष असा, की ती मृत्यू झाल्यावरच जागी होते. तीन वर्षांत चार गंभीर अपघात झालेली जागा यादीबाहेर राहते; पाचवा झाला, की ती आत येते. शिवाय काही रस्त्यांवर अपघात एका जागी गोळा न होता सर्वत्र विखुरलेले असतात. पन्नास किलोमीटरच्या जिल्हा मार्गावर तीन वर्षांत पंधरा मृत्यू झाले, पण एकाही ५०० मीटरच्या तुकड्यात निकष पूर्ण झाला नाही, तर कागदोपत्री तो रस्ता निर्दोष ठरतो.

ही अडचण किरकोळ नाही. २०२२ मधील देशातील मृत्यूंपैकी ३६.२ टक्के राष्ट्रीय महामार्गांवर, २४.३ टक्के राज्य महामार्गांवर आणि ३९.४ टक्के इतर रस्त्यांवर झाले. अल्प लांबीच्या महामार्गांवर मृत्यूंची दाटी असल्याने त्यांना अग्रक्रम मिळणे योग्यच. पण सर्वांत मोठा हिस्सा ज्या इतर रस्त्यांवर आहे, तेथे स्थळाधारित यादी तोकडी पडते. तेथे संपूर्ण मार्गाचा विचार करणारी पद्धत लागते. अरुंद वळणे, कठडे नसलेल्या मोऱ्या, शाळेसमोरील रस्ता, गावातून जाणारा वेगवान मार्ग ही धोक्याची लक्षणे जेथे जेथे आढळतील, तेथे अपघाताची वाट न पाहता ठरावीक उपाय योजायचे, असे तिचे सूत्र आहे.

संपूर्ण मार्ग हाती घेतल्यास काय घडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांच्या सहभागाने ‘शून्य मृत्यू मार्ग’ उपक्रम सुरू झाला. कडेचे उघडे काँक्रीटचे अडथळे, कठड्यांची उघडी टोके, दुभाजक, थांबलेले ट्रक, वेगनियंत्रण आणि रुग्णवाहिका या सर्वांकडे एकत्र पाहण्यात आले. २०१९ मध्ये मृत्यूंची संख्या ९२ वर आली. मार्ग तोच होता, वाहनेही कमी झाली नव्हती. अर्थात, एकच मालक, पथकराचे उत्पन्न आणि मर्यादित प्रवेशद्वारे ही अनुकूलता जिल्हा मार्गांना नसते. म्हणूनच तेथे राज्याच्या निधीची गरज अधिक.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र रस्ता बांधण्यापूर्वीचा. आराखड्याच्या टप्प्यावर चुकीचे वळण बदलणे म्हणजे कागदावरची रेघ बदलणे. बांधकामानंतर त्यासाठी जमीन आणि कोट्यवधी रुपये लागतात. यासाठी भारतीय रस्ते महासभेने सुरक्षा लेखापरीक्षणाची नियमपुस्तिका काढली असून, आराखड्यापासून वापरातील रस्त्यापर्यंतच्या टप्प्यांवर स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी अपेक्षित आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १९८ अ नुसार रस्त्याच्या आराखड्यात, बांधणीत वा देखभालीत निर्धारित मानके न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे; परंतु रस्ताही दोषी असू शकतो, हे त्यामुळे कायद्याने मान्य केले.

फलनिष्पत्ती कशी मोजावी?

काम झाले, फलक लागला, देयक निघाले, की फाइल बंद होते. वास्तविक खरा प्रश्न तेथून सुरू होतो. एखाद्या जागी एका वर्षी अपवादाने अधिक अपघात झाले असतील, तर काहीही न करता पुढील वर्षी ते घटण्याची शक्यता असते. त्यामुळे एका वर्षाची घट हा उपायाचा पुरावा होत नाही. आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षे ताडून पाहावी लागतात. ‘इतक्या स्थळांची दुरुस्ती झाली’ हा खर्चाचा हिशेब झाला. ‘त्या स्थळांवर इतके मृत्यू कमी झाले’ हा सुरक्षेचा हिशेब. शासकीय अहवालांत पहिला सहज आढळतो, दुसरा शोधावा लागतो.

नागरिकांसाठीही येथे वाव आहे. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची बैठक, अपघातप्रवण स्थळांची यादी, प्रत्येक स्थळावरील प्रस्तावित उपाय, मंजूर रक्कम आणि मुदत ही माहिती गोपनीय नाही. माहितीच्या अधिकारात ती मागता येते आणि लोकप्रतिनिधींना तिच्याविषयी विधिमंडळात प्रश्न विचारता येतो. ‘आमच्या फाट्यावर उड्डाणपूल कधी?’ या प्रश्नापेक्षा ‘आमच्या तालुक्यातील यादीतील किती जागा तीन वर्षांहून अधिक काळ यादीतच आहेत?’ हा प्रश्न यंत्रणेला अधिक अडचणीचा आणि जनतेला अधिक उपयोगी आहे.

धोकादायक जागा ओळखण्याचे ज्ञान राज्याकडे आहे, उपायांची मानके आहेत, कायद्याचा आधार आहे. उणीव आहे ती ओळखलेल्या धोक्यापासून मंजूर रुपयापर्यंतचे अंतर कमी करण्याची. ते अंतर महिन्यांत आणि वर्षांत मोजले जाते. दिवसाला ४२ मृत्यू होणाऱ्या राज्यात प्रत्येक महिन्याची किंमत काय असते, ते सांगण्यास वेगळ्या गणिताची गरज नाही.